छायाचित्राखालचे नाव: जगभरातील स्त्री-छायाचित्रकारांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छायाचित्रणाच्या इतिहासावर महाविद्यालयांत आणि ग्रंथालयांत स्लाइड दाखवून बोलण्याचे काम मी गेली काही वर्षे करते आहे. व्याख्यान संपल्यावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांपैकी स्त्री-छायाचित्रकारांविषयीचे प्रश्न येथे एकत्र केले असून उत्तरे जरा सविस्तर दिली आहेत. सगळ्या नावांची यादी करण्याचा हेतू नाही. ज्यांच्या कामाकडे मी स्वतः वारंवार परत जाते, त्यांना साहजिकच अधिक जागा मिळाली आहे.

जगातील पहिली स्त्री-छायाचित्रकार कोण?

या प्रश्नाचे एका नावात उत्तर देण्याचा मोह टाळलेला बरा. इंग्लंडमध्ये हेन्री फॉक्स टॅल्बट कागदावर प्रतिमा उमटवण्याचे प्रयोग करत होते, तेव्हा १८३९ च्या सुमारास त्यांच्या पत्नी कॉन्स्टन्स यांनीही ते प्रयोग करून पाहिले होते; त्यामुळे अनेक अभ्यासक पहिला मान त्यांना देतात. व्यवसाय म्हणून पाहायचे तर जर्मनीतील लाइपझिग येथे १८४३ मध्ये बेर्टा बेकमान या स्त्रीने पतीसह स्टुडिओ सुरू केला आणि पतीच्या मृत्यूनंतर तो एकटीने चालवला. ठोस, हातात धरता येईल असे काम पाहायचे झाले, तर त्याच वर्षी ॲना ॲटकिन्स यांच्या पुस्तकाचा पहिला भाग तयार झाला होता. ‘पहिली’ शोधण्याच्या नादात एक गोष्ट मात्र निसटते. छायाचित्रणाचा शोध जाहीर झाल्यापासून चार-पाच वर्षांच्या आतच स्त्रिया घरात, धंद्यात आणि विज्ञानात या माध्यमाचा वापर करू लागल्या होत्या. त्या मागाहून आल्या नाहीत. त्यांची नावे मागाहून कळली.

ॲना ॲटकिन्स यांनी नेमके काय केले?

ॲना यांचा जन्म १७९९ मध्ये केंट परगण्यातील टनब्रिज येथे झाला. आई लहानपणीच वारली आणि वडील जॉन जॉर्ज चिल्ड्रेन हे वैज्ञानिक असल्यामुळे, त्या काळातील मुलींना सहसा न मिळणारे शास्त्रीय शिक्षण त्यांना घरातच मिळाले. वडिलांनी शंखशिंपल्यांवरील एका फ्रेंच ग्रंथाचे भाषांतर केले, तेव्हा त्यासाठी लागणारी अडीचशेहून अधिक चित्रे ॲना यांनी काढून दिली होती. समुद्रशैवाल इतके नाजूक आणि गुंतागुंतीचे असते, की ते हाताने अचूक रेखाटणे जिकिरीचे ठरते. १८४२ मध्ये सर जॉन हर्शेल या शास्त्रज्ञांनी सायनोटाइप ही पद्धत शोधून काढली, आणि ॲना यांना हवे ते साधन मिळाले. या पद्धतीत कॅमेरा लागतच नाही. रसायन लावलेल्या कागदावर थेट शैवाल ठेवायचे, वर काच ठेवायची आणि ऊन दाखवायचे, की निळ्या पार्श्वभूमीवर शैवालाची पांढरी आकृती उमटते.

ब्रिटिश शैवालांवरचे त्यांचे पुस्तक १८४३ पासून सुमारे दहा वर्षे भागाभागाने तयार होत राहिले. छायाचित्रांनी सजलेले ते जगातील पहिले पुस्तक मानले जाते. टॅल्बट यांच्या प्रसिद्ध पुस्तकाचा पहिला भाग त्यानंतर, म्हणजे १८४४ मध्ये आला. प्रत्येक प्रतीचे प्रत्येक पान स्वतंत्रपणे उन्हात धरून तयार करावे लागे आणि अशी जवळजवळ चारशे पाने होती. मजकूरसुद्धा त्यांच्याच हस्ताक्षरातला, त्याच निळ्या रंगात उमटवलेला आहे. प्रस्तावनेखाली सही आहे ती फक्त ‘ए. ए.’ या दोन अक्षरांची. पुढे एका संग्राहकाला ही अक्षरे ‘अनामिक हौशी’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे वाटली. स्वतःच्या नावाचीच आद्याक्षरे अनामिकपणाची खूण ठरावीत, याहून बोलका योगायोग मला तरी माहीत नाही.

सायनोटाइप आज घरी करता येते का?

येते, आणि आपल्याकडच्या उन्हात तर इंग्लंडपेक्षा सोपे जाते. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरीसायनाइड या दोन रसायनांची पाण्यातील द्रावणे वेगवेगळी करून ठेवावीत, वापरायच्या वेळी सारख्या प्रमाणात मिसळावीत आणि मंद उजेडाच्या खोलीत जाडसर कागदावर ब्रशने लावावीत. हातमोजे घालावेत, भांडी स्वयंपाकघरातली वापरू नयेत आणि या रसायनांचा कोणत्याही ॲसिडशी संबंध येऊ देऊ नये. कागद अंधारात वाळला, की तो पिवळट हिरवा दिसतो.

मी एका शाळेच्या गच्चीवर मुलींकडून हे करून घेतले, तेव्हा कढीपत्त्याची डहाळी, शेवग्याचे पान आणि एकीने आणलेली आजीची लेस आम्ही कागदावर मांडली. एप्रिलमधल्या दुपारच्या उन्हात काही मिनिटांतच उघडा कागद राखाडी पडला. मग तो बादलीतल्या पाण्यात बुडवला, पिवळे पाणी निघून गेले आणि निळा रंग वर आला. कागद वाळेपर्यंत तो गडद होत राहिला. शेवग्याची पाने वाऱ्याने हलल्यामुळे त्यांच्या कडा पुसट आल्या होत्या. ॲना यांच्या चारशे पानांमागे किती धीर असेल, हे त्या पुसट कडा पाहून मुलींना भाषणाशिवायच कळले. जाता जाता, इंजिनियर मंडळींची ‘ब्लू प्रिंट’ हीसुद्धा मूळची हीच पद्धत.

चित्रकलेची दारे बंद असताना छायाचित्रण स्त्रियांना खुले कसे राहिले?

मुख्य कारण असे, की दार बंद करणारे कोणी अजून दारापाशी बसलेच नव्हते. चित्रकलेच्या अकादमींना जुने नियम होते आणि नग्न मॉडेलवरून रेखाटन शिकण्यास स्त्रियांना मज्जाव होता. छायाचित्रणाला ना अकादमी होती ना पदवी. घरातल्या कोळशाच्या खोलीचीही डार्करूम होऊ शकत होती. स्टुडिओंच्या धंद्यात तर रिटचिंग, प्रिंट काढणे, हाताने रंग भरणे ही कामे बायकाच करत. फरक इतकाच, की पाटीवर नाव मालकाचे असे. १८८८ मध्ये कोडॅकचा रोलवाला कॅमेरा आला आणि रसायनांची झंझट संपली. कंपनीने स्त्रियांना गिऱ्हाईक म्हणून हेरले आणि जाहिरातींत हाती कॅमेरा घेतलेली तरुणी वर्षानुवर्षे झळकत राहिली. यात उदारपणापेक्षा धंदा अधिक होता, पण त्याचा उपयोग झाला.

अमेरिकेतील फ्रान्सिस बेंजामिन जॉन्स्टन यांनी १८९७ मध्ये एका महिला मासिकात लेख लिहून हा व्यवसाय स्त्रियांनी कसा करावा, हे व्यवहारी भाषेत सांगितले. त्यांचे १८९६ च्या सुमाराचे एक आत्मचित्र आहे: पायावर पाय टाकून बसलेल्या, परकर वर सरकलेला, एका हातात सिगारेट आणि दुसऱ्या हातात बिअरचा मग. राष्ट्राध्यक्षांची छायाचित्रे काढणाऱ्या बाईंनी ते मजेत काढले असावे, असे मला नेहमी वाटते.

ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांची छायाचित्रे धूसर का दिसतात?

कारण त्यांना ती तशी हवी होती. लेन्स फिरवता फिरवता डोळ्यांना सुंदर दिसेल त्या बिंदूवर आपण थांबतो, इतर लोक मात्र आणखी फिरवून रेष न् रेष टोकदार करतात, अशा अर्थाचे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. त्यांचा जन्म १८१५ मध्ये कलकत्त्यात झाला. मुलीने आणि जावयाने पहिला कॅमेरा भेट दिला, तो डिसेंबर १८६३ मध्ये, म्हणजे वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. आइल ऑफ वाइट बेटावरच्या घरात त्यांनी कोंबड्यांच्या खुराड्याचा स्टुडिओ केला आणि कोळशाच्या खोलीची डार्करूम. काचेची प्लेट ओली असतानाच वापरावी आणि धुवावी लागे. समोरच्या माणसाला काही मिनिटे हलता येत नसे. साहजिकच श्वासाबरोबर चेहरा किंचित हले, आणि तो हललेला चेहराच त्यांच्या चित्रांत जिवंत वाटतो.

त्यांच्या समकालीन छायाचित्रकारांनी त्यांच्यावर टीका केली: बोटांचे ठसे, ओरखडे, फोकस नाही. पण कवी टेनिसन, शास्त्रज्ञ डार्विन, लेखक कार्लाइल यांचे जे चेहरे आज आपल्याला आठवतात, त्यांत कॅमेरॉनबाईंचा वाटा मोठा आहे. १८६७ मध्ये त्यांनी काढलेले सर जॉन हर्शेल यांचे छायाचित्र पाहावे. सायनोटाइप शोधणारे हेच ते हर्शेल. काळ्या पार्श्वभूमीतून पांढरे विस्कटलेले केस आणि ओलसर डोळे तेवढे पुढे येतात. अव्यवहारी म्हणून त्यांची थट्टा होत असे. पण आपल्या पाचशेहून अधिक छायाचित्रांचा कॉपीराइट रीतसर नोंदवण्याइतक्या त्या व्यवहारी होत्या. त्यामुळेच त्यांचे नाव त्यांच्या कामापासून कधी सुटले नाही.

भारतात स्त्रिया या क्षेत्रात केव्हा आल्या?

एकोणिसाव्या शतकातच. त्रिपुराचे महाराज बीरचंद्र माणिक्य हौशी छायाचित्रकार होते आणि त्यांच्या राणी मनमोहिनी देवी यांनीही त्यांच्याबरोबर ही कला आत्मसात केली. १८९२ मध्ये छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांनी हैदराबाद संस्थानात पडद्यातील स्त्रियांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ उघडला आणि तो चालवण्यास एका इंग्रज बाईंना नेमले. शतकाच्या अखेरीस कलकत्त्यात सरोजिनी घोष यांचा महिला आर्ट स्टुडिओ होता. पुढे त्याच शहरात अन्नपूर्णा दत्त घरोघरी जाऊन पडद्यातील बायकांची छायाचित्रे काढत आणि त्यावर संसार चालवत. परक्या पुरुषासमोर बसायचे नाही या बंधनामुळेच स्त्री-छायाचित्रकाराला काम मिळे, हा यातला गमतीदार पेच आहे.

होमाई व्यारावाला यांना ‘डालडा १३’ का म्हणत?

त्यांचा जन्म १९१३ चा, भावी पतीची भेट झाली वयाच्या तेराव्या वर्षी, आणि पहिल्या गाडीचा नंबर मिळाला ‘डीएलडी १३’. तेरा या आकड्याला लोक बिचकतात; होमाईबाईंनी त्याचेच टोपणनाव केले.

नवसारीला पारशी कुटुंबात जन्मलेल्या होमाई मुंबईत वाढल्या. वडील पारशी-उर्दू नाटक मंडळीत नट होते. शिक्षण जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये झाले आणि कॅमेरा शिकवला माणेकशा व्यारावाला यांनी, जे पुढे त्यांचे पती झाले. महिलांच्या एका सहलीची त्यांनी काढलेली छायाचित्रे ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये छापून आली आणि प्रत्येकी एक रुपया मानधन मिळाले. जे. जे.मधल्या मैत्रिणी, मुंबईचे रस्ते, कामावरच्या बायका असे त्यांचे सुरुवातीचे काम राजकीय छायाचित्रांच्या सावलीत झाकले गेले आहे. ते आवर्जून पाहावे. यांतली बरीचशी छायाचित्रे सुरुवातीला पतीच्या नावाने छापली जात, कारण होमाई हे नाव कोणाला ठाऊक नव्हते आणि ते बाईचे होते.

१९४२ मध्ये दोघे ब्रिटिश माहिती खात्याच्या नोकरीसाठी दिल्लीला गेले. साडी नेसून, जड कॅमेऱ्याचे सामान सायकलवर लादून त्या दिल्लीभर हिंडत. फाळणीच्या प्रस्तावावर हात वर करून मत देणारे काँग्रेस नेते, लाल किल्ल्यावरचा पहिला ध्वज, माउंटबॅटन यांचे प्रस्थान, गांधीजींची अंत्ययात्रा, कबुतर सोडणारे नेहरू ही त्यांची छायाचित्रे आपण शाळेच्या पुस्तकांत पाहिलेली असतात, खाली नाव नसले तरी. नेहरू ब्रिटिश मुत्सद्द्याच्या पत्नीची सिगारेट पेटवून देत आहेत आणि स्वतःच्याही ओठांत सिगारेट आहे, ते छायाचित्रही त्यांचेच. ३० जानेवारी १९४८ रोजी त्या प्रार्थनासभेला निघाल्या होत्या. उद्या बरोबर जाऊ, म्हणून पतीने परत बोलावले. ती रुखरुख त्यांना आयुष्यभर राहिली.

१९७० मध्ये, पती गेल्याच्या पुढल्याच वर्षी, त्यांनी कॅमेरा खाली ठेवला तो कायमचा. नव्या पिढीतील वृत्तछायाचित्रकारांचे बेशिस्त वागणे पटेनासे झाले, हे कारण त्यांनी दिले. नंतर त्या मुलाकडे पिलानीला आणि पुढे वडोदऱ्याला राहिल्या. त्यांच्या कामाकडे लोकांचे लक्ष वळले ते साबीना गडीहोक यांनी केलेल्या अभ्यासामुळे. २०११ मध्ये पद्मविभूषण मिळाले, तेव्हा त्या सत्त्याण्णव वर्षांच्या होत्या. पुढच्याच जानेवारीत त्यांचे निधन झाले.

डोरोथिया लँग यांच्या ‘स्थलांतरित आई’च्या छायाचित्राबद्दल वाद कोणता?

मार्च १९३६ मध्ये लँग या अमेरिकी सरकारच्या कामावरून गाडीने घरी परतत होत्या. कॅलिफोर्नियात निपोमो येथे वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळाची पाटी त्यांनी पाहिली, गाडी पुढे नेली, वीस मैल गेल्यावर मनाला टोचणी लागली म्हणून त्या माघारी वळल्या. थंडीने पीक गोठले होते, मजुरी नव्हती. तंबूत बसलेल्या एका बाईची त्यांनी मोजकी छायाचित्रे काढली, प्रत्येक वेळी थोडे आणखी जवळ जात. शेवटच्या चित्रात दोन मुले आईच्या खांद्यावर तोंड लपवून आहेत, तान्हे मांडीवर आहे आणि आईची बोटे गालाला टेकलेली आहेत. वर्तमानपत्रात छायाचित्र येताच सरकारने तळावर सुमारे वीस हजार पौंड अन्न पाठवले. तोवर ते कुटुंब पुढे निघून गेले होते.

लँग यांनी त्या बाईंचे नाव विचारले नाही. १९७८ मध्ये एका स्थानिक वार्ताहराने त्यांना शोधून काढले: फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, चेरोकी वंशाच्या. आपल्या चेहऱ्यावर इतरांनी नाव कमावले, आपल्याला एक छदामही मिळाला नाही, असे त्यांचे म्हणणे होते. गाडीचे टायर विकून खाल्ले, ही लँग यांनी नोंदवलेली हकीगतही कुटुंबाने नाकारली. छायाचित्र सरकारी मालकीचे असल्याने लँग यांनाही त्याचे मानधन मिळत नव्हते, हे खरे; पण एकीला कीर्ती मिळाली आणि दुसरीला चाळीस वर्षे नावही नव्हते, हा हिशेब त्याने मिटत नाही. त्या छायाचित्राची थोरवी आणि ती तक्रार, दोन्ही एकाच वेळी खरी आहेत असे माझे मत आहे.

लँग यांना सातव्या वर्षी पोलिओ झाला होता आणि त्या आयुष्यभर लंगडत चालत. आपले लंगडणे पाहून लोक मोकळे होतात, असे त्यांना वाटे. १९४२ मध्ये अमेरिकेने एक लाखाहून अधिक जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबले, त्याची नोंद करण्याचे कामही सरकारने त्यांनाच दिले. त्यांनी इतके उघडे सत्य टिपले, की लष्कराने ती छायाचित्रे युद्ध संपेपर्यंत दडपून ठेवली.

चरख्याजवळील गांधीजींचे प्रसिद्ध छायाचित्र कोणी काढले?

मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी, १९४६ मध्ये. ‘लाइफ’ मासिकाच्या १९३६ मधील पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावरील धरणाचे छायाचित्रही त्यांचेच. गांधीजींचे छायाचित्र घ्यायचे असेल तर आधी सूत काततात कसे ते शिकून या, अशी अट त्यांना घालण्यात आली. त्यांचा धागा तुटत राहिला, पण परवानगी मिळाली. तो गांधीजींच्या मौनाचा दिवस होता आणि फक्त तीन फ्लॅशबल्ब वापरण्याची मुभा होती. पहिले दोन वाया गेले, तिसऱ्याने जमले. चित्रात चरखा पुढे आणि मोठा, गांधीजी मागे वाचत बसलेले, आणि प्रकाश खिडकीतून. फाळणीच्या काळातले लोंढेही त्यांनी टिपले, आणि गांधीजींची मुलाखत घेतली ती त्यांच्या हत्येच्या अवघे काही तास आधी.

युद्धभूमीवर स्त्री-छायाचित्रकार होत्या का?

होत्या, आणि त्यांतील एकीचे नाव तर दुसऱ्याच्या नावात विरघळून गेले. श्टुटगार्टमध्ये १९१० मध्ये जन्मलेली गेर्टा पोहोरिले ही ज्यू तरुणी नाझींपासून पळून पॅरिसला आली. तिथे तिने आणि हंगेरीच्या आंद्रे फ्रीडमन याने छायाचित्रे विकण्यासाठी ‘रॉबर्ट कापा’ नावाचा एक श्रीमंत अमेरिकन छायाचित्रकार कल्पनेने उभा केला. पुढे कापा हे नाव आंद्रेचे झाले आणि तिने गेर्डा टारो हे नाव घेतले. स्पेनच्या यादवी युद्धात ब्रुनेतेहून माघार घेताना गाडीच्या पायरीवर लटकलेल्या गेर्डाला रणगाड्याची धडक बसली आणि २६ जुलै १९३७ रोजी ती मरण पावली. पॅरिसमधील तिच्या अंत्ययात्रेच्या दिवशी तिला सत्तावीस वर्षे पूर्ण झाली असती. तिची कित्येक चित्रे कापाच्या नावावर जमा होती. २००७ मध्ये मेक्सिकोतून मिळालेल्या तीन पेट्यांतील सुमारे साडेचार हजार निगेटिव्हमुळे कोणते छायाचित्र कोणाचे, हे बऱ्याच अंशी उलगडले.

ली मिलर यांची कहाणी याच्या उलट आहे. फॅशन मॉडेल असलेल्या या अमेरिकन बाईंनी ‘व्होग’ या फॅशन मासिकासाठी युद्ध टिपले, डाखाऊची छळछावणी मोकळी होताच आत जाऊन छायाचित्रे काढली, आणि नंतर याबद्दल घरात अवाक्षर काढले नाही. १९७७ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर माळ्यावरच्या खोक्यांतून हजारो निगेटिव्ह आणि प्रिंट निघाले. मुलाला आई कोण होती हे तेव्हा कळले. अलीकडच्या काळात इराक आणि अफगाणिस्तानात काम करणाऱ्या जर्मन छायाचित्रकार आन्या नीडरिंगहाउस यांची ४ एप्रिल २०१४ रोजी खोस्त प्रांतात एका पोलिसानेच गोळ्या झाडून हत्या केली.

व्हिव्हियन मायर खरोखरच मुले सांभाळण्याचे काम करत होत्या का?

हो, शिकागोत, अनेक वर्षे. फावल्या वेळात त्या रस्त्यांवर छायाचित्रे काढत आणि ती कोणाला दाखवत नसत. २००७ मध्ये भाडे थकल्यामुळे गोदामातील त्यांचे सामान लिलावात गेले, आणि एक लाखाहून अधिक निगेटिव्ह उजेडात आल्या. २००९ मध्ये त्यांचे निधन झाले. कीर्ती त्यानंतर आली. न दाखवलेले काम त्यांच्या माघारी दाखवावे की नाही, हा प्रश्न मात्र खुला आहे.

युरोप-अमेरिकेबाहेरची नावे कमी का ऐकू येतात?

पुस्तके तिकडे लिहिली गेली म्हणून. कामाची कमतरता नव्हती. जपानमध्ये शिमा र्‍यू यांनी १८६४ मध्ये पतीचे छायाचित्र काढले. जपानी स्त्रीने काढलेले ते सर्वांत जुने ज्ञात छायाचित्र मानतात. त्याच देशातील पहिल्या वृत्तछायाचित्रकार त्सुनेको सासामोतो १०७ वर्षे जगल्या. पॅलेस्टाइनमध्ये १८९३ मध्ये जन्मलेल्या करीमा अब्बूद आपल्या प्रिंटवर अरबी आणि इंग्रजीत स्वतःच्या नावाचा शिक्का मारत आणि स्त्रियांची छायाचित्रे काढायला घरी जात. घानात फेलिशिया अब्बन यांनी १९५० च्या दशकात अक्राच्या जेम्सटाउन भागात स्टुडिओ थाटला. समारंभाला जाण्यापूर्वी त्या नटूनथटून स्वतःचेच छायाचित्र काढत आणि तीच धंद्याची जाहिरात होई. बांगलादेशात साईदा खानम यांनी १९५० च्या दशकातच व्यावसायिक काम सुरू केले. त्याच देशाच्या तस्लिमा अख्तर यांनी २०१३ मध्ये राणा प्लाझा या कोसळलेल्या, कपड्यांचे कारखाने असलेल्या इमारतीच्या ढिगाऱ्यात एकमेकांना मिठीत घेऊन गेलेले स्त्री-पुरुष टिपले, आणि आपल्या अंगावरचा स्वस्त शर्ट कुठून येतो हे जगाला दिसले.

मेक्सिकोच्या ग्रासिएला इतुर्बिदे यांचे १९७९ मधील एक छायाचित्र माझे विशेष आवडते आहे. हुचितान गावच्या बाजारात एक बाई विकायला आणलेल्या घोरपडीसारख्या इग्वाना डोक्यावरून वाहून नेत होती. त्या हलत होत्या, बाई हसत होती, आणि इतुर्बिदे यांच्या साऱ्या प्रयत्नांतून एकच चित्र नीट आले. त्यात ती बाई मुकुट घातलेल्या देवीसारखी दिसते. पुढे त्या गावाने तिचा पुतळाच उभारला.

स्त्रीची नजर वेगळी असते का?

नजरेपेक्षा प्रवेश वेगळा असतो, असे मी म्हणेन. जनान्यात, बाळंतिणीच्या खोलीत, बायकांच्या न्हाणीघरात कोणाला शिरता येते, यावर चित्र ठरते. पण बाई असणे पुरेसेही नसते. मेरी एलन मार्क यांनी मुंबईच्या फॉकलंड रोडवर, म्हणजे आजच्या पठ्ठे बापूराव मार्गावर, वेश्यावस्तीत छायाचित्रे काढण्याचा दहा वर्षे अधूनमधून प्रयत्न केला, आणि दर वेळी अंगावर कचरा आणि पाणी आले. १९७८ मध्ये त्या रोज येऊन नुसत्या उभ्या राहू लागल्या, तेव्हा हळूहळू एकेकीने आत बोलावले. ते रंगीत काम १९८१ मध्ये पुस्तकरूपाने आले. त्या बायकांनी पुस्तकासाठी होकार दिला तेव्हा ते जगभर पाहिले जाईल, याची त्यांना कितपत कल्पना होती, हा प्रश्न ते पुस्तक चाळताना मला सुटत नाही.

महाराष्ट्राशी जोडलेले काम कोणते पाहावे?

बिमल रॉय यांच्या पत्नी मनोबिना रॉय आणि त्यांच्या जुळ्या भगिनी देबलीना मजुमदार यांना वडिलांनी बाराव्या वर्षी एकेक कॅमेरा दिला होता. मनोबिना पुढे मुंबईत राहिल्या आणि त्यांची छायाचित्रे नियतकालिकांत येत. मुंबईच्या पारशी समाजाचे सूनी तारापोरवाला यांनी केलेले चित्रण आणि केतकी शेठ यांची शहराची कृष्णधवल चित्रे पाहावीत.

पण मला थांबावेसे वाटते ते गौरी गिल यांच्या कामापाशी. डहाणू तालुक्यातील गंजाड येथे त्यांनी काढलेल्या जमिनीच्या आणि गावाच्या छायाचित्रांवर वारली चित्रकार राजेश वांगड यांनी २०१३ पासून रेखाटन केले. कॅमेऱ्याला दिसले ते डोंगर आणि रस्ता. वांगड यांना त्याच जागी आठवल्या त्या गोष्टी, माणसे, गेलेले जंगल. दोन्ही एकाच कागदावर आहेत आणि नावेही दोघांची आहेत. जव्हारमध्ये बोहाडा या मुखवट्यांच्या उत्सवासाठी देवादिकांचे मुखवटे करणारे कोकणा आणि वारली कारागीर आहेत. २०१५ पासून गिल यांनी त्यांच्याकडून कागदाच्या लगद्याचे वेगळेच मुखवटे करून घेतले: रोजची माणसे, प्राणी, अगदी घरातल्या वस्तूसुद्धा. मग गावकऱ्यांनीच ते घालून प्रसंग उभे केले. दवाखान्याच्या खाटेवर, दुकानात, अंगणात ही मुखवटेधारी माणसे इतकी सहज बसली आहेत, की पाहणाऱ्याला थोड्या वेळाने मुखवटा विसरायला होते. २०२३ मध्ये राजस्थानातील दीर्घ कामासाठी गिल यांना प्री पिक्ते हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आदल्याच वर्षी दयानिता सिंग यांना हासेलब्लाड हा छायाचित्रणाचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. भिंतीऐवजी पुस्तकाचेच संग्रहालय करणाऱ्या या दिल्लीच्या कलावतीला तो मिळाला, तेव्हा त्या दक्षिण आशियातील पहिल्या मानकरी ठरल्या.

पुलित्झर मिळवणारी पहिली स्त्री-छायाचित्रकार कोण?

व्हर्जिनिया शॉ, १९५४. त्या व्यावसायिक नव्हत्याच. कॅलिफोर्नियात पुलावरून लोंबकळणाऱ्या ट्रकमधून चालकाला वाचवले जात असताना त्यांनी साध्या ब्राउनी कॅमेऱ्याने चित्र घेतले होते.

आमच्या घरातील जुनी छायाचित्रे कोणा स्त्रीने काढली असतील, तर ते कसे ओळखावे?

प्रथम प्रिंट उलटे करून पाहावे. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीतला नंबर, कागदाच्या कंपनीची छाप यांवरून काळ आणि गाव कळते. घरगुती छायाचित्रांत एक साधी युक्ती उपयोगी पडते: पूर्ण अल्बममध्ये जी व्यक्ती जवळजवळ कधीच दिसत नाही, कॅमेरा बहुधा तिच्या हातात असतो. जमिनीवर पडलेली सावलीही कधी कधी पदराचा काठ दाखवते. घरातील वयस्क माणसांना चित्रातील माणसांविषयी तर विचारावेच, पण ‘हा फोटो काढला कोणी?’ हेही विचारावे. सहसा हा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो आणि उत्तर लगेच येते. कळलेले नाव बॉलपेनने लिहू नये, शाई पुढच्या बाजूला उमटते. चिकटपट्टी लावू नये. प्रिंट सपाट काचेवर पालथे ठेवून, मऊ पेन्सिलीने, कडेच्या कोऱ्या पट्टीमागे, हलक्या हाताने लिहावे: आधी काढणारीचे नाव, मग गाव, मग वर्ष.